धक्क्यावरचा पांढरा करकोचा

थाले नोई, जि. पट्टलुंग
१४ नोव्हेंबर, बुद्धाब्द २५२८

चि. लमाय हिस,
तळ्याकाठच्या घरातून थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बँकॉकला पाऊस थांबला म्हणतेस. आमच्या दक्षिणेत तो आत्ता कुठे रंगात आलाय. पाणी घराच्या तिसऱ्या पायरीला लागलंय. म्हशी पाण्यात तोंड बुडवून गवत ओढतायत. तुझ्या वहिनीने तुझ्यासाठी मांगूर मासे आंबवून सुकत घातलेत आणि दिवसातून दहादा उचलून आत आणताना ती पावसाचा उद्धार करते.

रविवारी विहारात भिक्खूंना कठिन चीवरदान झालं. गर्दी होती. पण खरी बातमी वेगळीच. सोमवारपासून विहाराच्या धक्क्याच्या टोकाला एक पांढरा करकोचा उभा आहे. बगळा नव्हे, नीट वाच, करकोचा. अंगावर मधोमध काळं. पावसात मान टाकून उभा असतो. वारा आला की पंख जरासे उघडतो आणि पुन्हा मिटतो. हात्याईहून तळं बघायला आलेल्या मंडळींना मी सायकलींवरून मुद्दाम तिकडे नेलं, तर एक जण हसला आणि दुसऱ्याने त्याला कोपराने ढोसलं. शहरी माणसांना पाखराची किंमत नाही. मी चार इयत्ता शिकलो हे खरं, पण या तळ्यावर मला शिकवील असं पाखरू अजून अंड्यातून बाहेर यायचंय.

आपली जुनी रीत आठवते का? मी सायकल हाकायची, तू मागे कॅरिअरवर. मी रस्त्यावरची नजर काढायची नाही. तू बघायचं आणि सांगायचं: पाय लाल, कपाळ लाल, शेपटीखाली पांढरं. आणि मी मागे न बघता म्हणायचं, जांभळी पाणकोंबडी. शिकलो तो असाच.

फेब्रुवारीत कमळं उमलली की ये. यंदाच ये. पुढच्या वर्षावर टाकू नकोस, आणि का म्हणून विचारूही नकोस.

लोभ पत्रातून पाठवण्यापेक्षा घेऊनच ये, हे वि.
तुझा, प्रयून

०

बँकॉक
२२ नोव्हेंबर

ती. पी प्रयून यांस,
लमायचा धुरातून आणि धाग्यांतून सा. न. वि. वि.

तुला थोरल्याला पी म्हणून लिहिताना बरं वाटतं. इथे शिवणघरातल्या पोरींनी मलाच पी लमाय करून टाकलंय. थोरलेपणाचा कंटाळा आला रे. दुपारी यंत्रं थांबली की क्षणभर वाटतं, अडई बदकांचा थवा शीळ घालत वरून गेला. मग कळतं, खालच्या रस्त्यावर शिट्टी वाजवणारा पोलीस आहे.

करकोच्याचं वाचून हुरळले. पण गुरुजी, तुमच्याच शाळेत शिकलेय मी. पाय कोणत्या रंगाचे? चोच केवढी? पायांचा रंग सांगितल्याशिवाय तू मला कधी पाखराचं नाव सांगितलं नाहीस, आणि आता पानभर पत्रात पायांचा पत्ता नाही! म्हातारा झालास की आळशी?

चीवरदान झाल्याचं वाचलं आणि ते झाल्याची खूण म्हणून लावतात ते मगरीचं निशाण डोळ्यांपुढे आलं. धक्क्याच्या टोकाला बांबूवर लावलेलं पांढरं फडकं, त्यावर काळी मगर. ते दिसलं की आपण सायकल वळवायचो, आणि दिवे सोडायच्या पौर्णिमेला ते उतरवलं की मला रडू यायचं. यंदा लावलंय ना? तू लिहिलं नाहीस.

फेब्रुवारीचं कठीण दिसतं. चिनी नववर्षाला दुकान बंद असतं, पण लगेच मालकीणबाईंच्या लेकीचं लग्न, आणि नवरीचा पोशाख मीच शिवावा असा त्यांचा हट्ट. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एवढं मोठं काम माझ्या हाती येतंय. पुढच्या वर्षी नक्की.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी माया कमी करू नकोस.
तुझी, लमाय

०

थाले नोई
२ डिसेंबर

चि. लमाय हिस,
आशीर्वाद आहेतच. वि. वि.

मी रागावलेलो नाही. पाय पाण्यात होते, म्हणून लिहिले नाहीत.

करकोचा गेला. पौर्णिमेच्या सकाळपर्यंत होता. संध्याकाळी लोक दिवे सोडायला जमले तेव्हा जागा रिकामी. एवढ्या गलक्यात कोण थांबेल? आणि निशाणाचं विचारतेस, तर यंदा ते लावलेलंच नाही. मी रोज धक्क्यावर जातो. लावलं असतं तर मला दिसलं नसतं का?

गुडघा जरा सोलवटलाय. पुलाच्या उतारावर सायकलीचा ब्रेक लागला नाही आणि मी कमळांत. ब्रेक बदलणार आहे.

अडई खूप आल्यात. पहाटे त्यांच्या शिळांनी तळं भरून जातं. पाणकोंबड्या लव्हाळ्यात कुरकुरतात. पलीकडे कुठेतरी मासेखाऊ घुबड दोनदा घुमलं.

लग्नाचा पोशाख चांगला शीव. आपल्या घराण्याचं नाव आहे. पुढच्या वर्षी यायचं म्हणतेस, ये. तळं इथेच असेल.

असू दे लोभ.
प्रयून

०

थाले नोई
९ डिसेंबर

चि. लमाय हिस,
वहिनीचे आशीर्वाद. वि. वि.

मला पत्रं लिहिता येत नाहीत, पण तुझ्या भावाची दोन्ही पत्रं त्याने पेटीत टाकायच्या आधी मी वाचली, म्हणून लिहिते. ब्रेकला काही झालेलं नाही. निशाण दर वर्षीसारखंच लागलं होतं. त्याचं कापड मीच शिवलं होतं. त्याला करकोचा दिसला तो म्हणजे हे निशाणच. सगळ्या गावाला ठाऊक आहे, कोणी बोलत नाही. भन्तेसुद्धा त्याच्यासमोर निशाणाचा विषय काढत नाहीत.

पट्टलुंगच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यांतला दाब वाढलाय. गेली ती नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी जमेल तेवढी टिकवायची. पुढच्या वर्षापर्यंत किती राहील ते त्या सांगत नाहीत. थेंब घालायला गेले की म्हणतो, कचरा गेलाय.

त्याला तुझ्याबरोबर कमळं बघायची आहेत. तेवढंच. तुला सांगितलं तर घर सोडून जाईन असं मला बजावलंय. सोडून कुठे जाणार, वाट मलाच दाखवावी लागेल.

मी लिहिल्याचं कळू देऊ नकोस. मासे सुकलेत. येऊन खा.
तुझी, साइपिन

०

बँकॉक
५ जानेवारी २५२९

ती. पी प्रयून यांस,
लमायचा घाईतला, पण वाकून सा. न. वि. वि.

चिनी नववर्षाच्या सुट्टीत येते आणि लग्न आटपेपर्यंत तिकडेच राहते. पोशाख दुसऱ्या मुलीच्या हाती दिला. मालकीणबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत; तिसऱ्या दिवशी म्हणाल्या की तळं काय पळून जाणार आहे का. मी म्हटलं, तळं नाही पळत. एवढंच.

एक अट आहे. इथे बसून बसून माझे पाय गेलेत, मला सराव हवाय. म्हणून या खेपेला सायकल मी हाकणार आणि तू कॅरिअरवर बसणार. हाकताना बघेनही मीच. तू फक्त नाव सांगायचं. चुकलास तर आंबट कढी मला, भांडी तुला. कुरकुर चालणार नाही. लहानपणी मी केली होती का?

स्टेशनवर येऊ नकोस, वहिनीला पाठव.
वाटेकडे कान ठेव.
लमाय

०

थाले नोई
२४ फेब्रुवारी

चि. लमाय हिस,
तू गेल्यावर रिकाम्या झालेल्या घरातून अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षर मोठं आलंय, कागद पुरत नाहीत. साइपिनने तुला पत्र लिहिल्याचं मला डिसेंबरातच कळलं होतं. पोस्टमन आधी माझ्याकडे चहा पितो, मग पत्रं वाटतो. तू काही बोलली नाहीस, म्हणून मीही नाही.

सायकल तू फार वाईट हाकतेस. दर खड्ड्यात गेलीस. पण सांगितलंस नीट, तिथे खोट काढणार नाही. कमळांचा गुलाबी देठाकडे फिका होत जातो, हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. माझं लक्ष कायम पाखरांवर. कमळपक्षी पानावरून चालतो तेव्हा पान एका कडेने बुडतं, हेही तूच सांगितलंस. पाणकोंबडीचा जांभळा नुसता जांभळा नाही, गळ्याकडे निळा, तेही.

आणि धक्क्यावर तू ब्रेक मारलास आणि हळूच म्हणालीस की तिथे पांढरा करकोचा उभा आहे. मी विचारलं, पाय कोणत्या रंगाचे. तू म्हणालीस, एकच पाय आहे, तोही बांबूचा, आणि पाखरू पौर्णिमेलाच उडालंय. मी इतका हसलो की सायकल लव्हाळ्यात कलंडली. तू हसत होतीस की रडत होतीस, ते मागून कळलं नाही. कळून घेतलंही नाही.

थेंब आता साइपिनला घालू देतो. रोज पहाटे ती मला हाताला धरून धक्क्यापर्यंत नेते. तिला रंग सांगता येत नाहीत. सगळ्यालाच छान आहे म्हणते. पाखरू आवाजाने ओळखतो आणि त्यावर तू दिलेला रंग चढवतो. काल सगळा थवा निळ्या गळ्याचा केला, आज एकच. हे रंग पुढच्या चिनी नववर्षापर्यंत पुरवायचेत.

माया वाढवायला जागा नाही, आहे ती सांभाळ.
तुझा, पी प्रयून