कट्ट्यापर्यंतची पावलं

१२ नोव्हेंबर
फ्लॅटवर येऊन महिना झाला. माझ्या गुडघ्यांना आराम आहे, खोटं कशाला बोलू. जुन्या घराच्या बावीस पायऱ्या सुटल्या, इथे लिफ्ट आहे. ह्यांचं मात्र बिनसलंय. पेठेत होतो तेव्हा रोज पहाटे स्वतःचा स्टीलचा पेला पिशवीत टाकून दूधकट्ट्यावर चालत जायचे. सर्जेराव गवळी म्हशीची धार थेट पेल्यात सोडायचे, हे उभ्या उभ्या प्यायचे आणि वाटेत चार ठिकाणी टेकत, गप्पा मारत तासाभराने घरी. चाळीस वर्षं. इथे पिशवीचं दूध. तरी पेला रोज घासून ठेवतात.

१९ नोव्हें.
आज हे चालायला बाहेर पडले. फुटपाथ चांगला रुंद आहे, पण शंभर पावलांवर लाइटच्या डीपीपाशी संपतो. पुढे उघडं गटार. रस्त्यापलीकडे बाग आहे, आमच्या खिडकीतून दिसते. मध्ये कमरेएवढा दुभाजक, त्यावर जाळी. फट आहे ती पार पेट्रोल पंपापाशी, तीही गाड्यांना वळायला. परत येऊन म्हणाले, "समोरच्या बागंत जायला रिक्षा करू व्हय?" मी हसले. हसायला नको होतं.

३ डिसें.
गेले दोन आठवडे ह्यांच्या पार्किंगमध्येच फेऱ्या चालल्या होत्या. आज सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. "काका, गाडी मागं घेताना तुम्ही दिसत न्हाईसा. काय झालं तर आमच्या अंगावर येणार की." हे नुसतं "बरं" म्हणाले. जन्मभर फाउंड्रीत ओतकामाच्या साच्यांचे लाकडी पॅटर्न केले ह्यांनी, माप चुकलं तर मालकाला सुनवायचे. त्या माणसाच्या तोंडी "बरं". मला रागच आला. सेक्रेटरींचा की ह्यांचा, ते कळलं नाही.

११ डिसें.
हे पडले. सकाळी सातच्या सुमाराला, त्या पेट्रोल पंपाच्या फटीत. मोटरसायकल घासून गेली, थांबलासुद्धा नाही मेला. उजवा घोटा मोडला. प्लास्टर. मला वाटलं बागेत निघाले असतील. पिशवी उघडली तर आत पेला, एका बाजूनं चेपलेला. पेठेत जाणारी बस पलीकडच्या बाजूला थांबते. मला न सांगता कट्ट्यावर निघाले होते.

१२ डिसें.
पुण्याहून महेशचा फोन. लेकाला काळजी आहे, पण बोलायची पद्धत ही अशी. "आई, फ्लॅट तुझ्या हट्टापायी घेतला, आता रस्त्याच्या नावानं कशाला बोटं मोडतीस?"
खरं आहे. हट्ट माझाच.

२५ जाने.
प्लास्टर काढून आठ दिवस झाले. पाय बरा आहे म्हणतात, पण हे खुर्ची सोडत नाहीत. शुगर फार वाढलीय. डाव्या तळव्याला चप्पल निसटलेली कळत नाही. डॉक्टर म्हणाले, "ह्यांना चालवा. आता बसले तर कायमचे बसतील." मी विचारलं, कुठे चालवू? ते औषधाची चिठ्ठी लिहीत राहिले.

९ फेब्रु.
पेठेत गेले, एकटी. बँकेचं काम होतं, पण पाय आपोआप कट्ट्याकडे वळले. म्हशी होत्या, गर्दी होती. सर्जेरावांनी लांबूनच हाक मारली. "काकी! मालक कुठं हाईत? चार म्हैनं झालं की तोंड दावलं न्हाई."
"येतील," म्हटलं.
"पेला दिलाय का? न्हाईतर माझा घ्या, घेऊन जावा."
नको म्हटलं. घरी पोचेपर्यंत गार झालं असतं, आणि गार दूध हे पीत नाहीत. कोपऱ्यावर येऊन रडले. पाहिलं कुणी तर पाहिलं.

येताना आमच्या जुन्या गल्लीतून आले. इतकी वर्षं राहिले, कधी लक्षात आलं नव्हतं. देवळाची पायरी, शिंप्याचा ओटा, पिठाच्या गिरणीचं बाकडं. दमलेला माणूस बसेल अशी जागा दर थोड्या पावलांवर. गाडी आत शिरली तरी माणसाच्या मागून हळूच यावी लागते. मी ह्यांना ह्यातून उचलून लिफ्टमध्ये नेऊन ठेवलं.

२२ फेब्रु.
सर्जेरावांचा फोन. मीच जागा बघून ठेवायला सांगितलं होतं. कट्ट्याजवळ तळमजल्याच्या दोन खोल्या भाड्यानं आहेत. अंधाऱ्या आहेत, मोरी बाहेर. पण पायरी एकच. महेशला विचारलं नाही अजून.

१ मार्च
ह्यांना सांगितलं. हे खिडकीतून बागेकडे बघत होते.
"आता चालतंय कोण," म्हणाले.
मी उठून भाजी निवडायला घेतली. अर्ध्या तासानं आतून आवाज आला, "तिथनं कट्टा किती पावलं?"
मी मोजली नव्हती.

४ मार्च
मोजून आले. एकशे बहात्तर. मध्ये दोनदा बसता येतं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुझी पावलं बारकी." म्हटलं, तुमचीही आता बारकीच पडतील. चिडले. बरं वाटलं चिडलेले बघून.

९ मार्च
सकाळी काठी घेऊन बेडपासून लिफ्टपर्यंत गेले. चव्वेचाळीस. परत येताना मधेच भिंतीला टेकले, मला हात लावू देईनात. "आज येवढंच." अंग घामानं भिजलेलं. दुपारी पेला मागून घेतला आणि चेपलेली बाजू आतून अंगठ्यानं दाबत बसले. थोडी वर आली. खोलीच्या मालकांना पंधरा तारखेला कळवायचंय.

११ मार्च
काल उठलेच नाहीत. आज एकोणपन्नास.