प्रेमाबाईची म्हैस आणि आमची आठवी

जळकोट, सोमवार

तीर्थस्वरूप राजशेखरदाजींना धाकट्या मेहुण्याचा, शिवराजचा, शरणु शरणार्थ.

तुमची साखर ताब्यात आली असं श्रीदेवीअक्कानं फोनवर सांगितलं. ऐकून बरं वाटलं. (तुम्ही मागून बोलत होता ते "बालूशाही कुठं ठेवलीस" असं काहीतरी ऐकू आलं, पण माझाच फोन खराब असेल.) गुडघ्याला तेल लावता का? धाराशिवचं ऊन कसंय? आमच्याकडं सगळे ठणठणीत आहेत, फक्त माझी अब्रू जरा आजारी होती. ती कशी पडली आणि कशी उठून बसली, ते सविस्तर लिहितो.

तुम्हाला माहीतच आहे, फाट्यावरून आत असलेल्या गावात मी आठवीला मराठी शिकवतो. वर्ग चांगला आहे, फक्त अभ्यास एकटी चैताली करते आणि बाकीचे तो उतरवून घेतात. उतरवण्यातसुद्धा कष्ट नकोत. 'माझी सहल' या निबंधात रणधीरनं, म्हणजे ज्याला मिसरूड फुटायला लागलीय अशा पोरानं, "मी फार दमले होते आणि आईनं माझी वेणी घातली" असं लिहून दिलं. मी विचारलं, तर म्हणाला, घाईत राहून गेलं सर. (काय राहून गेलं, ते त्यानं सांगितलं नाही.) रागावून झालं, उभं करून झालं. शेवटी मी ठरवलं, असा गृहपाठ द्यायचा की जो उतरवताच येणार नाही. घरी जाऊन आपल्या आजीला विचारायचं, आयुष्यात सगळ्यात धाडसाची गोष्ट कुठली केलीस, आणि ती लिहून आणायची. आजी ज्याची त्याची, तेव्हा नक्कल कशी करणार? ही युक्ती मी स्टाफरूममध्ये इतक्या वेळा सांगितली की मुख्याध्यापकांनी ती उचलून धरली. पालक मेळाव्यात निबंध वाचायचे, समोर सगळ्या आज्यांना बसवायचं आणि शाल-नारळ द्यायचा, असं ठरलं. निमंत्रणंही गेली.

मग निबंध आले. पहिला वाचून माझ्या अंगावर काटा आला. नदीला पूर आलेला, जाऊबाई अडलेली, सुईण पलीकडच्या गावात. आजी म्हशीच्या पाठीवर बसून पाण्यात शिरली आणि सुईणीला घेऊन आली. दुसऱ्या निबंधातही म्हैस होती. म्हटलं, त्या काळी म्हशी हुशार असतील. पण पुढं प्रत्येक आजी त्याच नदीत, त्याच पुरात, त्याच म्हशीवर. (रणधीरच्या निबंधात म्हैस बुडायला लागली आणि आजीनंच तिला ओढून काढलं. तेवढी भर त्याची स्वतःची.)

वर्गात एकेकाला उभं करून विचारलं. शेवटी चैताली उठली. म्हणाली, "सर, आमी खरंच विचारलं. पण आज्या सांगतच न्हाईत. म्हणतात, माझं काय असतंय सांगण्यासारखं? मग आमी प्रेमाबाईकडं गेलो."

प्रेमाबाई शाळेसमोरच एकटी राहते, लेक हैदराबादला असतो. मी तडक तिच्याकडं गेलो, चांगलं खडसावायचं म्हणून. तिनं मला बसवलं, चहा दिला आणि सगळी कथा पहिल्यापासून सांगितली. माझी बस गेली. शेवटी पदर सावरत तिनं विचारलं, "सर, मला किती मार्क पडले?" मी म्हटलं, दहापैकी आठ. तिनं बोटांवर मोजलं. "मग दोन कुठं गेले?" दाजी, इतकी वर्षं मार्क देतोय, पण हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मेळावा रद्द करा म्हणून मी मुख्याध्यापकांच्या मागं लागलो, पण शाली आल्या होत्या. ऐन वेळी त्यांनी वाचायला नेमकं रणधीरला उभं केलं. त्याची आजी विठाबाई पहिल्याच रांगेत. पोरगं म्हशीपर्यंत पोचलं आणि विठाबाई उठली.

"मी कवा म्हशीवर बसले रं?" ती म्हणाली. "म्हशीवर प्रेमा व्हती. काठावर दोर धरून मी उभी व्हते. हाताची सालं निघाली व्हती माझी."

मागून एकजण म्हणाली, दोर माझ्या रहाटाचा होता. दुसरी म्हणाली, बाळंतिणीचं डोकं माझ्या मांडीवर होतं, ते कोण सांगणार? मग काय, ज्यांच्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं त्या सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मुख्याध्यापकांनी धनाजी शिपायाला घंटा द्यायला सांगितलं. पण धनाजी घंटेची हातोडी हातात धरून नुसता उभा. बाळंतपण त्याच्या आईचं होतं. ही हकीकत पुरी अशी त्यानं कधी ऐकलीच नव्हती. प्रेमाबाईनं त्याला जवळ बोलावलं, तोंडावरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हा जन्मला तेव्हा लई काळा होता आणि रडतच नव्हता. आता रडत होता.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी न सांगता निबंध नव्यानं लिहून आणले. प्रत्येकाची आजी वेगळी. रणधीरनं दोनच ओळी लिहिल्या, पण त्याच्याच होत्या: "माझ्या आजीनं दोर सोडला नाही. तिचे हात अजून खरखरीत आहेत." मी त्याला पैकीच्या पैकी दिले. (गणिताचे सर म्हणतात, त्यांच्याकडं अजून चैतालीचंच चालतं. तो प्रश्न त्यांचा.)

अक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
शिवराज

ता. क. : प्रेमाबाईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन धाराशिवला ठरलंय. लेकाला लगेच रजा मिळत नाही. आठवडाभर तुमच्याकडं ठेवून घ्याल का? काहीच त्रास नाही, फक्त बोलते.

आणखी ता. क. : फोनवर विचारलं असतं तर तुम्ही नकाराला अक्काचं नाव पुढं केलं असतं आणि अक्कानं तुमचं. म्हणून हे पत्र प्रेमाबाईच्याच हाती दिलंय. म्हणजे आत्ता ती तुमच्या दारात उभी असेल. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा आहेत आणि ती जड आहे, तेवढी आधी तिच्या हातातून घ्या.