सहाव्या कार्डाआधी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त, विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. लिहा म्हणून कोणी दडपण आणलेले नाही. लिहू नका म्हणून आणले, ते जावईबापूंनी. आज सकाळी डॉक्टरांनी मला तारीख, वार आणि नातीचे वय विचारले, मग शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी न अडखळता दोनापर्यंत आले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

त्या दाखल्यासाठीच हा खटाटोप आहे, हे कबूल करते. मला कोणताही जीवघेणा आजार नाही. पण गेले वर्षभर मी जे सांगते आहे, त्यावर "आईंचं वय झालंय" एवढे म्हटले की विषय संपतो. बाई शहाणी आहे असे डॉक्टर सहीनिशी लिहून देतो, ते फक्त मृत्युपत्राच्या वेळी. म्हणून जे सांगायचे ते इथेच सांगते.

कलम १. मी एकतीस वर्षे नव्या उद्योगांना भांडवल पुरवणाऱ्या संस्थेत होते. कोणी नवे यंत्र, नवी युक्ती घेऊन आला की तिचे मोल काय आणि तिच्यात धोका काय, हे तपासून समितीला सांगायचे, हे माझे काम. तक्त्यात डावीकडे धोके, उजवीकडे फायदे. दहातले सात प्रस्ताव मी परत पाठवले. ऑफिसात मला 'नकारघंटा' म्हणत, आणि ते माझ्या कानावर येईल अशा बेताने म्हणत. आमचे हे तर म्हणायचे, "तू वर गेलीस तरी आधी देवाची फाईल मागशील." आमच्याकडे एक रीत होती. ज्याने प्रकल्प मंजूर केला, त्याने त्या मालाचा पहिला नमुना स्वतःच्या घरात वापरायचा. माझ्या घरातल्या निम्म्या वस्तू अशाच आल्या आहेत.

कलम २. पायाने चालवायचे कपडे धुण्याचे यंत्र, ज्याने ते बनवले त्या गृहस्थांना परत द्यावे. मी त्यांना नाही म्हटले होते. त्यांनी घरचे दागिने विकून कारखाना काढला आणि मला पहिले यंत्र भेट पाठवले, चिठ्ठीशिवाय. बावीस वर्षे बिनतक्रार चालू आहे. नकार देतानाही माणूस चुकतो, हे मला त्यांनी शिकवले. हा धडा मी नको तिथे वापरला.

कलम ३. बारा वर्षांपूर्वी एक तरुण अभियंता आला. हलकी पॅनेल, आणि ती जोडायला त्याने स्वतः शोधलेला चिकट लेप. नटबोल्ट नाहीत, वेल्डिंग नाही. अकरा आठवड्यांत पाच मजले उभे राहणार होते. फायद्याची बाजू खोटी नव्हती. वर्षानुवर्षे घराची वाट पाहणारी माणसे त्या इमारतींत राहायला गेली, हे मी डोळ्यांनी पाहिले. धोक्याच्या बाजूला, लेप उष्णतेत तपासला, टिकला. ओलीत तपासला, टिकला. दोन्ही एकदम आली तर काय, याला आमच्या तक्त्यात ओळच नव्हती. एकेका धोक्याला एकेक ओळ, आणि शेवटी बेरीज. तक्ता मीच आखलेला होता.

मनात शंका आली होती. मी सहा महिने मागितले. अध्यक्षसाहेब म्हणाले, "बाई, बाजार थांबत नाही. एकदा तरी हो म्हणा की!" सगळे हसले. मीही हसले आणि सही केली. मला त्या दिवशी नकारघंटा व्हायचे नव्हते. माझ्या सहीमागे एवढेच कारण होते, दुसरे शोधू नये.

कलम ४. माझे मनगटी घड्याळ अध्यक्षसाहेबांना द्यावे. ते दिवसाला चार मिनिटे मागे पडते. त्यांना थोडे थांबायची सवय लागेल.

कलम ५. रीतीप्रमाणे नमुना म्हणून त्या लेपाने जोडलेल्या दोन फळ्या माझ्या घरी बसल्या, एक न्हाणीघरात बंबाच्या वर, एक स्वयंपाकघरात शेगडीजवळ. बसवायला सुतारांबरोबर तो अभियंता स्वतः आला. दार माझ्या मुलीने उघडले. पुढच्या वर्षी तो माझा जावई झाला.

न्हाणीघरातल्या फळीच्या सांध्यात मला सातव्या वर्षी बारीक फट दिसली. जावईबापूंच्या कंपनीचे व्हिजिटिंग कार्ड घालून पाहिले, एक बसले. तिसरे बसायला आणखी तीन वर्षे लागली. चौथे, पाचवे आणि सहावे एकाच महिन्यात बसले. सहावे घातले त्याच दुपारी फळी खाली आली. तिच्यावर दोन टॉवेल आणि साबणाची वडी, एवढेच ओझे होते. स्वयंपाकघरातली फळी आज चार कार्डांवर आहे. तिच्याखाली मी काही ठेवत नाही आणि कोणाला उभेही राहू देत नाही.

कलम ६. माझी मुलगी, जावई आणि सहा वर्षांची नात त्याच लेपाच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात. गॅलरी पश्चिमेला आहे. दुपारभर ऊन तापते, आणि संध्याकाळी नात कुंड्यांना पाणी घालते. एका संध्याकाळी मी तिथेच बसले होते. "आजी, बघ, सगळं पाणी खाली जातं," ती म्हणाली. पाणी भिंत आणि गॅलरी जिथे जुळतात तिथे जात होते. गेल्या महिन्याच्या पाच तारखेला मी पडदे लावायच्या निमित्ताने त्या सांध्यात कार्डे घालून पाहिली. तीन बसली.

जावईबापू म्हणाले, "आई, ती फळी होती, ही इमारत आहे. सगळे दाखले आहेत माझ्याकडे."

"त्यातल्या पहिल्या दाखल्यावर माझीच सही आहे," मी म्हटले.

मुलगी म्हणाली, "आई, तू आयुष्यभर सगळ्यांना घाबरवलंस. आता मला नको." पालथ्या घड्यावर पाणी. पण मी तिला दोष देत नाही. जावई लबाड असता तर सोपे होते. त्याचा त्या लेपावर मनापासून विश्वास आहे, आणि तो रोज रात्री त्याच घरात झोपतो.

मला भीती वाटते. एकतीस वर्षे मी भीतीला आकडे दिले. या भीतीला एकच आकडा आहे, आणि तो सहा आहे.

कलम ७. माझे तळमजल्यावरचे विटांचे घर मुलीला देते. माझ्या मरणाची वाट पाहू नये, घर आजपासून तिचे. अट एकच, नातीला घेऊन तिने आठ दिवसांत इथे यावे. मी बाहेरच्या खोलीत राहीन आणि तोंडावर बोट ठेवीन.

कलम ८. बँकेतली सगळी ठेव त्या इमारतीचे सांधे उघडून तपासण्यासाठी आहे. काम खाली साक्षीची सही करणारे सुतार आणि डॉक्टर मिळून बाहेरच्या जाणत्या माणसाकडून करून घेतील. माझी लाज राखायला कोणी काही झाकू नये.

कलम ९. नकार लिहायच्या माझ्या लाल पेन्सिली आणि माझा तक्ता जावईबापूंना देते. शेवटी एक ओळ मी हाताने वाढवली आहे, 'दोन्ही एकदम'. पुढचा रकाना त्यांनी स्वतः भरावा.

कलम १०. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे आजच वाचावे, मुलीच्या घरी, मोठ्याने. इमारतीतल्या ज्यांना ऐकायचे असेल त्यांनाही बोलवावे.

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल, फळीपासून दूर सरकवलेले.
तारीख नऊ, सोमवार, दुपारचे साडेतीन.
सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिला, कुटुंबाचे डॉक्टर: बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्यांची बुद्धी आणि स्मरणशक्ती उत्तम आहे. त्या भ्रमात असत्या तर मला बरे वाटले असते.
सही

साक्षीदार दुसरा, सुतार: फळ्या मीच बसवल्या होत्या. बाईंनी सांगितलं म्हणून इथे यायच्या आधी त्यांच्या मुलीकडे जाऊन आलो. वर तीन कार्डं लिहिली आहेत, ती गेल्या महिन्याची. आज पाच बसली. सहावं घालून बघायची माझी हिंमत झाली नाही. पोरगी आज दुपारीच झारी घेऊन गॅलरीत उभी होती. तिला उचलून आत आणली आणि गॅलरीच्या दाराला चार खिळे ठोकले. ताई माझ्यावर ओरडल्या, मग त्यांनी ती कार्डं मोजली आणि पोरीचे कपडे भरायला घेतले. खालच्या तीन मजल्यांवरही तशाच गॅलऱ्या आहेत. मी सगळ्यांच्या बेल वाजवल्या. दुपारची वेळ, कोणी दार उघडलं नाही. आता सही करून परत तिकडेच जातो.
सही