कलम एकोणीस

ता. ११ फेब्रुवारी १९३४, बुलढाणा
दाजींना, म्हणजे थोरल्या ताईच्या यजमानांना, आज उठवतही नव्हतं. धाडच्या रस्त्यावरचा पूल त्यांनी पुरा केला, बिल जिल्हा बोर्डात अडकलेलं. देऊळघाटच्या येसाजीने हंगामभर उधारीवर दगड दिला. दाजी म्हणाले, "माह्यं आता काही खरं नाई. बिलाचा पैसा परभारे येसाजीले मिळंल असा कागद कर. करारात काही अडते का, पाय." करार इंग्रजी. पानं उलटली, म्हटलं, काही अडत नाही.

कागद केला. 'जुनं देणं यात फिटलं' ही ओळ माझ्या पदरची. नवा कागद झाला की जुनी चिठ्ठी फाडायची, ही आमची रीत. येसाजीकडची दाजींच्या सहीची उधारीची चिठ्ठी मीच फाडून चुलीत टाकली. येसाजी पाया पडला. बरं वाटलं.

२६ फेब्रु.
दाजी गेले. ताईकडे बघवत नाही.

१५ मार्च
येसाजीला घेऊन बोर्डात. बिलाच्या कारकुनाने करार काढून कलम १९ वर बोट ठेवलं, मराठीत सांगितलं: ठेकेदाराने आपलं येणं दुसऱ्याच्या नावे करून देऊ नये, दिल्यास बोर्ड मानणार नाही. पैसे वारसाला.

ज्याने कष्ट केले त्याला आपलंच येणं कुणाला देता येऊ नये! कोण लिहितं असली कलमं?
पण लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही, कारण मला वाचता येत नाही. वीस वर्षं कचेरीबाहेर चटई टाकून अर्ज लिहितो, इंग्रजी येत नाही हे कुणाला कळू दिलं नाही. दाजींनाही नाही.

बाहेर येसाजी म्हणाला, "मंग आता कसं, मुन्शीजी?" म्हटलं, पाहू.
खाणीचा पट्टा एप्रिलअखेर संपतो त्याचा. पैसे भरले नाहीत तर खाण गेली.

२२ मार्च
ताईचा मुलगा वसंता वारस म्हणून बिल उचलून मोकळा. मी विषय काढला. "चिठ्ठी दाखवा मामा, लगेच देतो." चिठ्ठी कुठे गेली हे त्याला ठाऊक, चुलीपाशी तोच बसला होता. वर म्हणतो, "तुमच्या कागदातच लिवलं आहे, देणं फिटलं. अक्षर तुमचंच."
ताई चहा ठेवून आत गेली. चोर सगळे. मी धरून.

३ एप्रिल
येसाजी चटईवर येऊन बसला. वकील त्याला म्हणाला, चिठ्ठी फाडणारा कोर्टात उभा राहून बोलला तर आशा आहे. बोललो तर माझा अर्ज लिहिण्याचा परवाना जाणार, आणि ताईच्या घरावर दावा.

"अर्ज तुमीच लिवा, मुन्शीजी. कोनं फाडली, काऊन फाडली, समदं येऊ द्या."
"दुसऱ्याकडून का नाही लिहून घेत?"
"दुसरा काऊन? तुमाले समदं माईत आहे. तुमी खोटं लिवनार नाई."

फी पुढे केली. घेतली! हात कसा पुढे गेला, देव जाणे. 'सदरहू चिठ्ठी' इथवर लिहिलं आणि मग... उद्या सकाळी ये म्हटलं. "हाव," म्हणून गेला.

घरी आलो तर ताईचा निरोप: उद्या जेवायला ये, पानं मांडून वाट बघते, वसंताला बोलायचं आहे.
दोघांनाही हो म्हणून बसलो आहे.