दोन सीटांची गाडी

॥ श्री ॥

कोरेगाव,
२६ ऑगस्ट २०२४

चि. सयाजीस आक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

राजेश्वरीचा खांदा कसा आहे? शेक घेते का नुसतीच कळ सोसते? समीक्षाचा खोकला गेला का? हॉस्टेलला परत जाताना ज्येष्ठमधाची कांडी घेऊन जा म्हणावं. शेजारच्या बाळगोंडा अण्णांनी तो दात काढला की अजून लवंग दाबून दुकानात बसतात? आणि तुझी कंबर? तुझं नाव शेवटी घेते, कारण तुझ्यावर मी रागावले आहे. पहिल्यांदा तुझं नाव निघालं असतं तर बाकीची माणसं तशीच राहिली असती. इथं धैर्यशील, सूनबाई आणि मी ठीक आहोत.

पत्र अशासाठी, की फोनवर मी तापले की तुझी रेंज जाते. कागदाची रेंज जात नाही.

काल तू आलास, छपरातल्या गाडीचं जे काही जोडलेलं उरलं होतं ते सगळं खोललंस, आणि संध्याकाळच्या रेल्वेनं हात धुऊन निघून गेलास. आता तिथं गाडी म्हणायला काय राहिलंय? विटांवर सांगाडा. दारं कणगीला टेकलेली. सीटमध्ये उंदरीण व्यालेली होती, ते सगळं मी निस्तरलं. खोलायला काय लागतं रं? पोरंसुद्धा घड्याळ खोलतात. गावाला वाटतं सयाजीराव मिल्ट्रीतले, त्यांना इंजिन म्हणजे हातचा मळ. मिल्ट्रीत तू टंकलेखन केलंस, टँक नाही चालवलास, हे मला तरी माहीत आहे.

तरी मी तुला गाडी दिली. रिटायर झाल्यावर हातानं काहीतरी करून बघायचंय म्हणालास, तुझ्या तोंडाकडं बघून दिली. अट एकच घातली. गाडी चालू झाली की पहिली फेरी माझी, आणि मी पुढच्या सीटवर. तू हसून हो म्हणालास. ते हसणं मला खुपलं, म्हणून आज उलगडून लिहिते.

साताऱ्याचे कर्नलसाहेब गाव सोडताना ही लाल गाडी तुझ्या दाजींना देऊन गेले. टप उघडणारी, शर्यतीची, सीटा दोनच. एका सीटवर हे, दुसरीवर सासूबाई. यात्रा असो, लग्न असो, दवाखाना असो. माझ्यासाठी ह्यांनी मागच्या खाचेत जेवायचा पाट स्क्रूनं ठोकला. गुडघे हनुवटीला, मांडीवर धैर्यशील, वाऱ्यानं पदर तोंडावर. आणि गाव म्हणायचं, मनुबाई मोटारीतनं फिरते! सासूबाई गेल्या त्याच वर्षी गाडी बंद पडली, ती पडलीच. पुढं हे पण गेले. त्या सीटवर मी कधीच बसलेली नाही, सयाजी. उभ्या गाडीत बसून बघायचं म्हटलं तर कोंबड्या हसतील.

तेव्हा खोललंस तसं जोड. आणि कधी जोडणार ते कळव.

तुझी,
आक्का

—

सांगली, विश्रामबाग,
१६ सप्टेंबर २०२४

ती. आक्कास सयाजीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

राजेश्वरीचा खांदा तसाच. समीक्षा हॉस्टेलला गेली. अण्णांनी दात काढला, आता ते लवंग दुसऱ्या बाजूला दाबतात. माझ्या कंबरेचं विचारू नकोस, ती तुझ्या छपरातच राहिली आहे.

आता मला बोलू दे. आक्का, हे तू काय करून ठेवलंस? मी कार्बोरेटर खोलून त्याचा एकेक भाग पेपरवर ओळीनं मांडून गेलो होतो. जसा काढला तसा, डावीकडून उजवीकडं. काल येऊन बघतो तर पेपर गायब! गौरी यायच्या म्हणून तू छप्पर आवरायला काढलंस, आणि माझे ते भाग चिंच-राखेनं तांब्या घासावा तसे घासलेस, उन्हात वाळवलेस आणि सगळे मिळून एका घमेल्यात ओतलेस. चकाकतात लय. देव्हाऱ्यात मांडावेत असे. पण पेट्रोल यायच्या सुईएवढ्या भोकांत राख बसलीय, आणि कुठला स्क्रू कुणाच्या शेजारी होता हे त्या गौरीलाच ठाऊक. फोटो काढून ठेवायचे होतेस, असं अण्णाही म्हणाले आणि वर हसले. नाही काढले. नव्यानं शिकणाऱ्या माणसाला आपण काय विसरणार हे आधी कळत असतं तर तो नवा कशाला राहिला असता? छपरात बसून डोकं धरलं मी. तू वर विचारलंस, की आणखी काही घासायचं राहिलंय का!

पाटाचंही सांगून टाकतो, नाहीतर त्यावरूनही ओरडशील. तो काढला. गाडी मूळची होती तशीच हवी असं अण्णांचं म्हणणं. त्यांना त्यातलं कळतं, इथल्या जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळात ते आहेत. टायर त्यांनी हुडकले, ब्रेकची रबरं त्यांनी आणली, दुकान वाऱ्यावर सोडून माझ्याबरोबर भंगारबाजार हिंडले. त्यांच्यामुळंच पाडव्याच्या दिवशी विश्रामबागेत निघणाऱ्या गाड्यांच्या मिरवणुकीत आपलं नाव लागलंय. गाडी चालू झाली की आदल्या दिवशी टेम्पोवर चढवून इकडं आणीन. माणसानं एवढं केल्यावर, पुढच्या सीटवर तुम्हीच बसा म्हणून मी त्यांना शब्द देऊन बसलो. तुझी फेरी लगेच दुसऱ्या दिवशी, भाऊबीजेला. एका दिवसानं काय फरक पडतो?

घमेल्याला हात लावू नकोस. राखेच्या बाबतीत माझा राग अजून गेलेला नाही, लोभ मात्र जागच्या जागी आहे.

तुझा,
सयाजी

—

॥ श्री ॥

कोरेगाव,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. सयाजीस आशीर्वाद.

आज चौकशी नाही. सगळी बरी आहात असं धरून चालते.

तुझं पत्र येऊन महिना होत आला. उत्तर दिलं नाही, कारण रविवारी येशील तेव्हा आपल्या तोंडानं काहीतरी बोलशील म्हणून वाट बघितली. तू आलास, घमेलं पुढ्यात घेऊन तांदूळ निवडल्यासारखे स्क्रू निवडत बसलास, जेवलास, गेलास. पुढच्या रविवारी तेच. सीटचा स नाही काढलास.

राखेचं म्हणशील तर माझं चुकलं. काळं दिसलं की घासायचं, एवढंच आम्हाला शिकवलंय. ते मी कबूल करते आणि वर तुला चकल्या पाठवते. पण तुझं काय? एका दिवसानं काय फरक पडतो, असं तू मला विचारतोस! तुझ्या दाजींचंही हेच होतं. या खेपेला आईला बसू दे, पुढच्या खेपेला तू. ती पुढची खेप आली नाही. आधी सासूबाई, आता बाळगोंडा अण्णा. त्या सीटला माझं वावडं आहे का रं? अण्णा भला माणूस आहे, त्यांच्यावर माझा राग नाही. शब्द त्यांनी मागितला नव्हता, तू दिलास. देताना तुझी जीभ अडखळलीसुद्धा नसेल, कारण जिचं काढून दिलंस ती घरचीच होती. घरचं माणूस म्हणजे उद्यावर टाकायला बरं.

काल गाडी चालू झाली. धूर निघाला, कोंबड्या पळाल्या, तू अंगणात नाचलास. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. पण नाचता नाचता तू अण्णांना फोन लावलास. मी हाताच्या अंतरावर उभी होते.

म्हणून तू गेल्यावर मी एक काम केलं. तुझे दाजी रात्री गाडी लावली की इंजिनातल्या त्या काळ्या टोपीखालचा बोटभर तपकिरी तुकडा काढून माझ्या हातात द्यायचे. रोटर म्हणायचे त्याला. तो नसला की ठिणगी नाही, मग चोरानं गाडी खांद्यावरून न्यावी. सीट सासूबाईंची होती, तो तुकडा तेवढा माझ्या ताब्यात असायचा. काल तो मी काढून घेतला. हुडकत बसू नकोस, पिठाच्या डब्यात नाही.

आता काढ मिरवणूक. गाडीला बैल जुंप आणि अण्णांना बसव पुढं.

रागाच्या भरातही तुझं भलंच चिंतणारी,
आक्का

—

सांगली,
२४ ऑक्टोबर २०२४

ती. आक्कांस राजेश्वरीचा सा. न. वि. वि.

माझा खांदा बरा आहे. विचारणाऱ्या तुम्ही एकट्याच, म्हणून आधी कळवलं.

तुमचं पत्र ह्यांनी उभ्यानं वाचलं, मग दोन दिवस घरात कुणाशी न बोलता टीव्हीशी भांडत होते. अण्णांनी तो रोटर मिळवायला कोल्हापूर पालथं घातलं. एवढ्या जुन्या गाडीचा कुठं मिळणार? शेवटी अण्णांनी विचारलं की जुना होता तो गेला कुठं, तेव्हा ह्यांना सगळं सांगावं लागलं. अण्णा असे चिडलेले मी कधी बघितले नव्हते. थोरल्या बहिणीला शब्द दिलेला असताना मला कशाला बसवत होतास, मी काय पूजेचा नारळ आहे का गाडीवर ठेवायला, असं म्हणून चहा अर्धा टाकून उठले आणि जाऊन मिरवणुकीतलं नाव काढून आले. तेव्हा पाडव्याला गाडी कुठं जात नाही. भाऊबीजेला आम्ही दोघं येतो आहोत. हे आपण होऊन कळवणार नाहीत, म्हणून मी कळवते.

इथवर तुमचं बरोबर. आता माझं ऐका.

त्या सीटची कव्हरं मी शिवली, दुखऱ्या खांद्यानं. महिनाभर आमच्या घरात हे आणि अण्णा, आणि एकच विषय, ती गाडी नि ती सीट. मी दोघांच्या मधून चहाचे कप फिरवत होते. तुला बसावंसं वाटतं का, असं ह्यांनी विचारलं नाही, अण्णांनी नाही, आणि आक्का, तुमच्या एवढ्या पत्रांत माझ्या खांद्याची चौकशी आहे, माझी नाही. आरोग्य खात्यात होते तेव्हा ड्रायव्हर आला नाही की आटपाडीकडच्या वाड्यावस्त्यांवर मीच जीप घेऊन जायचे. दगडाधोंड्यांतून, बाळंतिणीला मागं निजवून. ते सगळं लग्नात कुठं गेलं कुणास ठाऊक. घरच्या मारुतीला हात लावला तर हे म्हणतात क्लच जळेल.

राग मानू नका, असं लिहिणार होते. मानायचा तर माना.

तुमची,
राजेश्वरी

—

॥ श्री ॥

कोरेगाव,
७ नोव्हेंबर २०२४

चि. सयाजीस अनेक उत्तम आशीर्वाद.

कंबर कशी आहे? भाकरी कोण करून घालतं? राजेश्वरीची चौकशी करत नाही, ती इथंच चुलीपुढं बसून शेंगा भाजते आहे आणि दोन्ही हात वर करून दाखवते आहे, की खांदा ठीक आहे. समीक्षाचा फोन आला होता. आईबाप भांडलेत का म्हणून विचारत होती. नाही म्हटलं, बापच एकटा भांडलाय.

भाऊबीजेला ओवाळून न घेता भाऊ निघून गेल्याचं आपल्या घरात कधी झालं नव्हतं. निरांजन लावलेलं, ताट तयार, आणि तू स्टेशनवर! तुझ्या जागी दुसरा असता तर मी दार लावून घेतलं असतं.

पण राग कशाचा आला ते मला कळतं. रोटर मी तुझ्या हातात न देता राजेश्वरीच्या हातात दिला. तिनं तो जागेवर बसवला, स्टिअरिंगवर बसली, आणि मी पुढच्या सीटवर. तुला वाटलं थट्टा चाललीय, गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा उमगलं. दोन सीटा, दोन माणसं, तिसरा फाटकात. तुझ्यावर अन्याय झाला. झालाच. तू त्या गाडीसाठी हात सोलवटून घेतलेस, रविवार घातलेस, आणि पहिल्या फेरीला तुला दिसले ते मागचे दिवे. हे मी समजून केलं, आणि परत करीन. माझ्या रागाला दुसरी भाषा येत नाही.

पुढचं सांगते, कारण ते बघायला तू नव्हतास. रहिमतपूरच्या रस्त्याला राजेश्वरीनं गाडी अशी सोडली की माझा अंबाडा सुटला. पुढच्या सीटवरून काय दिसतं माहीत आहे? समोरच्या वाहनांची पोटं. कुत्रं आडवं आलं तर डोळ्याला डोळा. सासूबाई तिथं हात जोडून बसायच्या, मला वाटायचं नामस्मरण चाललंय. बाईचा जीव मुठीत होता! आणि मी इतकी वर्षं त्यांच्यावर जळले. तरी उतरावंसं वाटलं नाही रं. रस्ता आधी मला लागतो आणि मग मागच्यांना, हे काय असतं ते एकदा बघितलं.

मग एका चढाला गाडी गचके देऊन थांबली. पेट्रोल संपलं होतं, तू घोटभरच घातलं होतंस. आल्याची पोती घेऊन एक टेम्पो आला, त्याच्या ड्रायव्हरनं नळीनं पेट्रोल काढून दिलं आणि विचारलं, मालक कुठं आहेत. राजेश्वरी म्हणाली, मालकीण ह्या काय बसल्यात. मग त्यानं गाडीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, एवढी जुनी गाडी उभी केली कुणी, पुण्याच्या मेस्त्रीनं का? तर ती म्हणाली, मेस्त्री कशाला, आमच्या ह्यांनी केली, एकट्यानं, काही येत नसताना. सयाजी, ज्या तोऱ्यात म्हणाली ना, मी वळून तिच्या तोंडाकडं बघितलं. तो तोरा तुझ्या वाटणीचा होता. तुझी रेल्वे तोवर सुटली होती.

राजेश्वरी एवढ्यात येत नाही. आम्ही रोज सकाळी फिरून येतो. ही गाडी मारुतीसारखी ऐकत नाही, तुला ती शिकावी लागेल, आणि राजेश्वरी शिकवायला तयार आहे. तू तिला तसं विचारलंस तर. पण मग एका सीटवर तू, दुसरीवर ती, म्हणजे उतरायचं मला. उतरेन मी. आजवर त्या जागेवरून मला न विचारता बाजूला केलं. तू समोर उभा राहून, आक्का जरा उतरतेस का, एवढं विचार. मी लगेच उतरते, आणि तुला हाताला धरून बसवते.

कार्तिकी पुनवेपर्यंत भाऊबीज चालते. निरांजनातली वात मी बदलून ठेवली आहे. रागाचं उत्तर असलं तरी चालेल, पण फोन करू नकोस; दोन ओळी लिही आणि आजच टपालात टाक.

तुझी वाट बघणारी,
आक्का