नारळाचं पोट

प्रिय आनंदी,

"गाठीपर्यंत नको गं, पोटापर्यंत मोज!" दहावीच्या प्रयोगशाळेत माझ्या हातातली पट्टी ओढून घेत तू म्हणाली होतीस. दोरीला टांगलेला लोखंडी गोळा, त्याचं पोट म्हणजे बरोबर मध्य, आणि झोक्याची वेळ मोजताना माझं उत्तर चुकलेलं. काल ते वाक्य असं कामी आलं की तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. फोनच केला असता, पण ऐकू येईनासं झाल्यापासून तू तो उचलत नाहीस, म्हणून लिहितेय.

आमच्या बेव्हर्ली पार्कच्या सोसायटीने यंदा गणपतीच्या देखाव्यात नऊ नारळ टांगलेत, उतरत्या लांबीच्या दोऱ्यांना. लांब दोरीचा झोका सावकाश, आखूड दोरीचा भरभर. एकदम सोडले की आधी रांग मोडते, मग सापासारखी लाट सरकत जाते आणि थोड्या वेळाने सगळे पुन्हा एका रांगेत येतात. यायला हवेत! आमचे मात्र जत्रेत हरवल्यासारखे वाटेल तिकडे. सेक्रेटरी गुणवंतभाई घरून वजनकाटा घेऊन आले. "रुचिताबेन, सबका वजन सेम करो ने, अपने आप लाइन में आएगा!" दुपारभर सारख्या वजनाचे नारळ निवडले. पुन्हा तोच गोंधळ. तळमजल्यावरच्या विमलाबाई म्हणाल्या, "बाप्पासमोर कवायत कशाला? नाचू देत की त्यांना!"

आणि मला तू आठवलीस. अगं, आम्ही प्रत्येक दोरी नारळाच्या शेंडीपर्यंत मोजली होती! एक नारळ लांबुळका, एक गोल. प्रत्येकाचं पोट वेगळ्याच उंचीवर. वजनाचा संबंधच नव्हता. मग प्रत्येकाच्या पोटावर कुंकवाची रेघ ओढली, तिथपर्यंत दोऱ्या नव्याने मोजून बांधल्या, फळीने सगळे मागे रेटून धरले आणि सोडले. आनंदी, लाट आली! गेली, उलटी फिरली, आणि सगळे नारळ शाळेतल्यासारखे रांगेत! मी चक्क उडी मारली. या वयात!

आता सोसायटीतली मुलं मला सोडत नाहीत. वजनाने फरक का पडत नाही, लांबीनेच का पडतो? मला त्यापुढचं येत नाही, तुला येतं. मुलांचा प्रश्न ऐकू आला नाही तर ती हसतील, या धास्तीने तू शिकवणं सोडलंस आणि चेणे गावातल्या घरात बसून राहिलीस. मी मुलांना प्रश्न पाटीवर लिहून ठेवायला सांगितलंय. रविवारी सकाळी माझा नवरा नीलेश रिक्षा घेऊन तुझ्या दारात येईल. त्याला चहा पाजून तू एकट्यालाच परत पाठवशील, ओळखून आहे मी तुला. तरी सांगते, त्या रिक्षात बस.

तुझीच,
रुचिता