तुझ्या वाट्याचा घोट

माय, तुला अक्षर वाचता येत नव्हतं आणि मला तुझ्यासमोर दोन वाक्यं धड बोलता येत नव्हती, तेव्हा हे लिहिणं म्हणजे निव्वळ खुळेपणा आहे. तरी लिहितो. भट्टीवाल्या शेठच्या कारकुनाने मला लिहायला शिकवलं ते बाटल्यांची नावं उतरवण्यासाठी, पण शिकलं की माणूस त्याचं काहीही करतो. मी तोरणमाळला आहे. तळ्याच्या वरच्या अंगाला शेठने साहेब लोकांसाठी जेवणाचा बंगला बांधलाय, तिथे. तू हा डोंगर फक्त खालून पाहिलास, शहाद्याच्या दारूभट्टीवरून, आणि म्हणायचीस की वर देव राहतात. आता उन्हाळाभर रेल्वेचे आणि कलेक्टर कचेरीचे साहेब राहतात. काचेच्या व्हरांड्यात टेबलं मांडलेली आहेत, पुढे दरी उघडते, संध्याकाळी खालून धुकं चढतं आणि मडमा म्हणतात, वाहवा. आज दुपारी घोड्यांवरून बाटल्या आल्या. उद्या मला त्या चाखायच्या आहेत आणि कुठली बंगल्याच्या दारूच्या यादीत घ्यायची, कुठली परत पाठवायची, ते ठरवायचं आहे. खाली जंगलात मोहाचं फूल गळतंय. त्याचा वास इथवर येतो आणि वास आला की तू माझ्या मागे येऊन उभी राहतेस. मी मान वळवत नाही.

तुझे हात मला नेहमी मोहाच्या वासाचे आठवतात. शेठच्या भट्टीवर बायका सुकलेली फुलं पसरून त्यातले देठ, खडे वेचायच्या, त्यात तू सगळ्यात चपळ आणि सगळ्यात तोंडाळ. मुकादमाला तू एकदा म्हणालीस की तुझ्या बापानं फुलं पाहिली होती का कधी, आणि तो पुढे आठवडाभर तुझ्या बाजूला फिरकला नाही. घरी आपल्यापुरती दारू वेगळी असायची. चुलीमागच्या मडक्यातून तू पळसाच्या द्रोणात ओतायचीस आणि पिण्याआधी बोटांवरून थेंब जमिनीवर सोडायचीस. एक आजाला, एक माझ्या बापाला, एक माझ्या जन्माआधी गेलेल्या बहिणीला. एकदा मी सणाच्या गर्दीत द्रोण उचलला आणि सरळ तोंडाला लावला. तू असा फटका मारलास की द्रोण चुलीत गेला. "आधी त्यासले दे," तू म्हणालीस, "मंग तू पी. त्या तुन्हा मांगे उभा शेतस. तहान लागेल शे त्यासले." मी रडत विचारलं, दिल्यावर ते काय करतात? तू म्हणालीस, पितात आणि आपल्या लोकांत जातात. ज्याला कोणी दिलं नाही तो जात नाही, उभाच राहतो. मी त्या रात्री भिंतीला पाठ लावून झोपलो.

आणि मग तूच तशी उभी राहिलीस. तापाची साथ आली तेव्हा मी शेठच्या मालाबरोबर सुरतेला होतो. परत आलो तेव्हा आपल्या वस्तीत निम्म्या घरांना धूर नव्हता. तुला शेजारच्यांनी मसणात नेलं होतं, पण विधी करणारा बडवाही गेला, जाणती माणसंही गेली, बाराव्याला कोण कुणासाठी बसणार? शेजारची म्हातारी तेवढी उरली होती. तिने कुठूनतरी घोटभर दारू पैदा करून द्रोण माझ्या हातात दिला. "पोऱ्या, तुन्हा मायले कोनीच धार टाकी नही," ती म्हणाली, "आते तूच टाक." मी द्रोण घेतला. घरात चूल थंड होती, तुझी सुपली भिंतीला टेकलेली होती. आणि माझ्या मागे, अगदी हातभर अंतरावर, कोणीतरी उभं होतं. मला तू कळलीस. माय, मी द्रोण वाकडा केला नाही. तसाच खाली ठेवला आणि बाहेर आलो. म्हातारीला वाटलं, मी आत ओतून आलो. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, चांगलं केलंस.

तेव्हापासून मी पीत नाही. पिणार तर आधी तुला द्यावं लागेल, म्हणून पीत नाही, सरळ हिशोब. लोक भलतंच समजतात. बंगल्यातले नोकर मला भगत म्हणतात, खानसामा तर येता-जाता पायाच पडतो, हरामखोर. काठी गावच्या होळीला गेलो तर आपली माणसं डोळे वटारतात, हा कोण मोठा साधू लागून गेला? आणि शेठ खूश. काही वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराने शेठची जीभ गेली, गोड-आंबट कळेना, तेव्हा त्यांनी मला बोलावून सांगितलं, "दीकरा, यादी आता तू ठरवायची." मी म्हटलं, शेठ, मी पीत नाही. "म्हणूनच तर," शेठ म्हणाले. "पिणाऱ्याला बसवलं तर त्याला सगळ्याच बाटल्या चांगल्या वाटतात." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्याच्या आदल्या साली एका साहेबाने भर टेबलावर क्लॅरेटचा, म्हणजे लाल फ्रेंच दारूचा, पेला परत केला होता, हे व्हिनेगर आहे म्हणाला, आणि शेठ ते विसरायला तयार नव्हते.

नोकरी हवी तर चाखायला हवं, चाखायचं तर आधी थेंब टाकायला हवा, आणि थेंब टाकला की तू गेलीस. मी समोरची बाटली उचलून पुन्हा खाली ठेवली. शेठला वाटलं, मला रीत ठाऊक नाही. त्यांनी आपली पितळेची पिकदाणी टेबलावर ठेवली आणि शिकवलं: पेला उजेडाकडे धरायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. विलायतेचे दारूचे व्यापारी असंच करतात म्हणे, नाहीतर बिचारे दुपारपर्यंत आडवे होतील. थुंकायचा. मला एवढं हायसं वाटलं की मी हसलोच. थुंकलं म्हणजे प्यालो नाही, आणि प्यालो नाही म्हणजे देणं लागत नाही. तुझ्या कायद्यातून मला पळवाट सापडली ती शेठच्या पिकदाणीत.

चाखण्याची ती पहिली दुपार मला लख्ख आठवते. शेठ आरामखुर्चीत, समोर दरी, टेबलावर डझनभर बाटल्या, आणि मी एकेक बूच काढतोय. पांढरी फ्रेंच पाण्यासारखी पातळ, ती नको. दुसरी बरी, तळ्यातल्या माशाबरोबर चालेल. क्लॅरेट चढणीवर हिंदकळून गढूळ झालेली, तिला चार दिवस उभी ठेवा. शेरी ठीक. मी चाखतोय, थुंकतोय, सांगतोय, शेठ मान हलवताहेत. आणि पिकदाणी भरत चाललीय तशी माझी पाठ गार पडत चाललीय. तू मागे उभी. इतकी वर्षं तहानलेली, आणि तुझा पोरगा तुझ्यासमोर दारू तोंडात घेऊन थुंकतोय. आपल्या वस्तीत कोणी असं केलं असतं तर त्याला वेडा ठरवून बांधून घातलं असतं. मला तुझा श्वास मानेवर लागत होता. भीती वाटली का? वाटली. पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटली, ते खरं.

शेवटची बाटली पोर्तुगालच्या पोर्टची होती, गोड, लाल, दाट. मी घोट तोंडात घेतला आणि माय, त्यात चुलीमागचं मडकं होतं. कशी सांगू ती चव? सुकलेल्या फुलांची, धुराची, तुझ्या पदराची. थुंकायला वाकलो आणि थुंकताच येईना. घोट गिळला गेला. गिळल्याक्षणी माझ्या कानाशी, स्पष्ट, रागाने, तू म्हणालीस, "आधी त्यासले दे."

शेठनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, ठसका लागला. मग मी त्यांना सांगितलं की ही यादीत सगळ्यात वर लिहा. शेठ खुर्चीतून अर्धे उठले. "गोड पोर्ट वर? ती जेवण झाल्यावर पितात, येडा झालास काय? साहेब लोक हसतील." मी म्हटलं, हसू द्या, नाहीतर दुसरा माणूस बघा. मी शेठना उलट बोललो तो तेवढाच एक दिवस. साहेब लोक हसले खरंच. एका मडमेने गंमत म्हणून जेवणाआधीच मागवली, मग दुसऱ्या टेबलानेही मागवली. पोर्ट अजून वरच आहे. त्यामागे माझी मोठी अक्कल आहे असं शेठ पाहुण्यांना सांगतात, आणि मी दुरुस्त करत नाही.

आता तुला जे सांगायचं आहे ते सांगतो. हा कागद उद्या मी खानसाम्याच्या चुलीत घालणार, म्हणून सांगता येतंय. पेल्यात त्या दिवशी अजून बरीच उरली होती. पायाशी जमीन होती, शेठनी डोळे मिटले होते. एक थेंब सोडायला कितीसा वेळ लागतो? तू प्याली असतीस आणि आजाकडे, बापाकडे, बहिणीकडे गेली असतीस, सुटली असतीस. मी पेला पिकदाणीत उपडा केला. कारण तुझा आवाज मी विसरलो होतो, माय. तुझा चेहरा आठवायचा, हात आठवायचे, आवाज काही केल्या येत नव्हता, आणि तो त्या घोटाबरोबर आला, रागावलेला, पण तुझाच. त्यानंतर दर उन्हाळ्यात मी सगळ्या बाटल्या थुंकतो आणि पोर्टचा एक घोट गिळतो. दर उन्हाळ्यात तू मला रागावतेस. तुझ्या माणसांत तुझी जागा रिकामी आहे आणि ती मीच रिकामी ठेवलीय, हे मला पक्कं कळतं. मला पोरंबाळं नाहीत. तू गेलीस तर मला रागावणारं कोणी उरत नाही. उद्याही मी आधी तुला देणार नाही.